विजेच्या ग्रिलवर घरचे जेवण : आच, ओलावा आणि मुरवण

आमसूल

ओट्यावर ठेवण्याजोगे विजेचे ग्रिल आता पुष्कळ घरांत आले आहे. पण बहुतेक ठिकाणी त्यावर अधूनमधून सँडविच भाजले जाते आणि एरवी ते माळ्यावर पडून असते. या उपकरणावर रोजचे जेवण नीट आणि चवदार होऊ शकते असे माझे ठाम मत आहे, आणि ते कसे साधते याविषयी सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांच्याकडे ग्रिल आहे त्यांनी आपापली पद्धत लिहावी. ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी मोकळेपणाने विचारावे.

यात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकात बिजागरीने जोडलेल्या दोन तापणाऱ्या प्लेट असतात आणि पदार्थ त्यांच्यामध्ये दाबला जातो. याला काँटॅक्ट ग्रिल म्हणतात. दुसऱ्यात वर उघडी जाळी किंवा खाचांची एकच प्लेट आणि खाली पाणी घालायचा ट्रे असतो. माझ्याकडे पहिल्या प्रकारचे आहे आणि त्याचे झाकण पूर्ण मागे पाडून दोन्ही प्लेट शेजारी-शेजारी वापरता येतात. नव्याने घेणाऱ्यांनी ही सोय असलेलेच घ्यावे, असे मी आवर्जून सांगेन, कारण दाबून भाजण्याचे पदार्थ वेगळे आणि उघडे भाजण्याचे वेगळे असतात.

आता मूळ मुद्दा. भाजलेल्या पदार्थाला जो खमंग वास आणि तपकिरी रंग येतो, तो साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे प्रथिने आणि शर्करा यांच्यात होणाऱ्या प्रक्रियेमुळे येतो. मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. पाणी मात्र १०० अंशांना उकळते, आणि पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान फारसे वर जातच नाही. म्हणजे ओला पदार्थ ग्रिलवर ठेवला की तो आधी वाफवला जातो. पाणी आटेपर्यंत आतला भाग शिजून कोरडा पडतो आणि बाहेर रंगही धरत नाही. “ग्रिलवर सगळे पांढुरके आणि चिवट होते” ही तक्रार ज्यांची असते, त्यांच्या बाबतीत बहुधा हेच घडलेले असते.

गॅसवरच्या लोखंडी तव्याला खालून सतत मोठी ज्योत मिळते. ग्रिलच्या प्लेटमध्ये साठलेली उष्णता बेताची असते, आणि फ्रिजमधून काढलेले पनीर तिच्यावर मांडले की प्लेटचे तापमान झपाट्याने उतरते. थर्मोस्टॅट पुन्हा वीज सुरू करतो खरा, पण प्लेट सावरायला वेळ लागतो. म्हणून मी तीन गोष्टी कटाक्षाने पाळते. ग्रिल तापल्याचा संकेत देणारा दिवा आला तरी आणखी चार-पाच मिनिटे थांबते, म्हणजे प्लेट कडेपर्यंत तापते. पदार्थ फ्रिजमधून थोडा आधी काढून, टिपून कोरडा करून मगच ठेवते. आणि प्लेटचा तिसरा हिस्सा तरी रिकामा राखते, कारण खच्चून भरलेल्या ग्रिलमधून वाफेला बाहेर पडायला वाट राहत नाही.

पनीरचे उदाहरण घेते. चौकोनी फोडींऐवजी बोटभर जाडीच्या आयताकृती लाद्या कापाव्यात, म्हणजे दोन्ही प्लेट सपाट टेकतात. मुरवणासाठी पातळ दही वापरू नये. दही फडक्यात बांधून त्याचा चक्का करून घ्यावा. त्यात आले-लसूण, तिखट, भाजलेली जिरेपूड, चुरडलेली कसुरी मेथी, कडवून निववलेले मोहरीचे तेल चमचाभर आणि कोरडे भाजलेले बेसन दोन चमचे घालावे. हे बेसन सुटणारे पाणी शोषून घेते आणि मसाला पनीरला घट्ट धरून ठेवते. ते कच्चे घातले तर त्याचा उग्र वास शेवटपर्यंत जात नाही. मीठ शेवटी घालावे आणि अर्धा-पाऊण तास मुरू द्यावे. ठेवताना जास्तीचा मसाला बोटाने निपटून काढावा. झाकण अलगद टेकवावे, दाबू नये. पहिले मिनिटभर जोरात सुरसुर ऐकू येते आणि कडेने वाफ निघते. मग तो आवाज बारीक होत जातो आणि वास बदलतो. त्याच वेळी झाकण उचलून पाहिले तर लादी आपसूक सुटते आणि तिच्यावर खाचांच्या गडद तपकिरी रेघा उमटलेल्या असतात. झाकण उचलताना लादी वरच्या प्लेटला चिकटून येत असेल तर ती अजून तयार नाही. ओढू नये, आणखी अर्धे मिनिट द्यावे.

साखर, मध किंवा गूळ असलेली मुरवणे ग्रिलवर फार लवकर करपतात. गोडसर चव हवी असेल तर पदार्थ उतरवायच्या शेवटच्या मिनिटाला वरून लावावे.

कापूसकाठ

धागा फार उपयोगी आहे. मी जळगावकडचा. आमच्याकडे भरिताची मोठी हिरवी वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. आता नोकरीमुळे शहरात राहतो, घरात इंडक्शन आहे आणि गॅसची ज्योत नाही. या ग्रिलवर भरीत होईल का, आणि होत असेल तर धुराचा तो वास कसा आणावा?

आमसूल

कापूसकाठ, भरीत होईल, पण पऱ्हाट्यांवरचे भरीत होणार नाही. तो वास साल जळण्याचा आणि काड्यांच्या धुराचा असतो, आणि ग्रिलमध्ये यांपैकी काहीच घडत नाही. ग्रिलचे भरीत हा वेगळा, सौम्य पदार्थ आहे असे धरूनच करावे, म्हणजे निराशा होत नाही.

वांगे उभे दोन भागांत चिरून कापलेल्या बाजूला सुरीने तिरप्या चिरा द्याव्यात, मीठ लावून वीस मिनिटे ठेवावे आणि सुटलेले पाणी टिपून काढावे. मग तेलाचा हात लावून कापलेली बाजू खाली करून, झाकण टेकवून पंधरा-वीस मिनिटे भाजावे. गर मऊ होतो आणि कापलेल्या बाजूला चांगला खरपूस थर येतो. तो थर गरात ठेचून घ्यावा, टाकू नये, कारण चव त्यातच असते. शेजारी हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या सोललेल्या पाकळ्या तेल लावून भाजल्या की ठेचायचे सगळे साहित्य एकदमच तयार होते.

धुरासाठी आपल्याकडे कोळशाची धुरी देण्याची रीत आहे: लाल झालेला निखारा वाटीत ठेवून त्यावर तूप सोडायचे आणि पातेल्यावर दोन-तीन मिनिटे झाकण ठेवायचे. इंडक्शनवर निखारा पेटवता येत नाही, तेव्हा माझा उपाय मसाला वेलचीचा आहे. ती मोठी काळी वेलची भट्टीत आचेवर आणि धुरात वाळवलेली असते आणि तो वास तिच्यात टिकून राहतो. तिचे दाणे कुटून फोडणीच्या तेलात क्षणभर परतले आणि ते तेल भरितावर ओतले की धुराची एक छटा येते. मात्र अर्ध्या वेलचीपेक्षा जास्त घालू नये.

एक इशारा सर्वांसाठीच. चव यावी म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. धुरीचा एवढासा निखाराही खिडकी उघडी ठेवून आणि काम होताच पाण्यात विझवून वापरावा.

रोहित्र

मी वीजजोडणीच्या कामात आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. ग्रिल विकत घेताना त्याच्या तळावरचा वॅटचा आकडा वाचावा. घरगुती ग्रिल साधारण ७०० ते २००० वॅटपर्यंत असतात. २००० वॅटचे ग्रिल २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर ओढते, आणि आपल्या घरांतला नेहमीचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्यामुळे असे ग्रिल १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटलाच जोडावे, म्हणजे ज्याला आपण फ्रिज किंवा गीझर लावतो त्या मोठ्या तीन छिद्रांच्या सॉकेटला. मोठ्या पिनेचा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवून देणारे जोड बाजारात मिळतात; त्यांचा वापर इथे अजिबात करू नये. साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर तर ग्रिल मुळीच लावू नये. तार गरम होते, आवरण मऊ पडते, आणि आपले लक्ष पदार्थाकडे असल्यामुळे ते उशिरा कळते. १००० वॅटच्या आतले लहान ग्रिल सुमारे सव्वाचार अँपिअर घेते, ते ६ अँपिअरच्या चांगल्या सॉकेटवर चालते.

ओट्यावर ओले हात, सांडलेले पाणी आणि धातूची सिंक जवळ असते, म्हणून अर्थिंग नीट असणे आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असणे ही चैन समजू नये.

खर्चाविषयी नेहमी विचारले जाते. २००० वॅटचे ग्रिल सलग तासभर पूर्ण क्षमतेने चालले तर दोन युनिट होतात. प्रत्यक्षात एकदा तापल्यावर थर्मोस्टॅट वीज अधूनमधून बंद करतो, त्यामुळे अर्ध्या तासाच्या स्वयंपाकाला एक युनिटही पूर्ण लागत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात अनेक गावांत संध्याकाळी व्होल्टेज उतरते. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात मिळते. म्हणजे २३० ऐवजी २०० व्होल्ट येत असतील तर २००० वॅटचे ग्रिल फक्त दीड हजार वॅटच्या आसपासच आच देते. पाककृतीत दिलेली मिनिटे तिथे जुळत नाहीत, आणि त्यात स्वयंपाक करणाऱ्याचा काही दोष नसतो. अशा वेळी एका खेपेला निम्मेच पदार्थ ठेवावेत.

पैलतीर

मी न्यू जर्सीत राहते. इथल्या सदनिकांमध्ये विजेचे ग्रिल घेण्याचे कारण थोडे वेगळे आहे. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेनुसार जळू शकणाऱ्या बाल्कनीवर, आणि अशा बांधकामापासून १० फुटांच्या आत, कोळशावर किंवा उघड्या ज्योतीवर स्वयंपाक करायला मनाई आहे. एक-दोन कुटुंबांची घरे आणि स्प्रिंकलर बसवलेल्या इमारती त्यातून वगळल्या आहेत. त्यामुळे आमच्यासारख्या भाडेकरूंना घरातले विजेचे ग्रिल हाच मार्ग उरतो. जानेवारीत खिडकी उघडता येत नाही आणि जरा धूर झाला की धुराची घंटा वाजते, ही इथली खरी अडचण. चुलीवरचा पंखा पुष्कळ सदनिकांत धूर बाहेर टाकत नाही, तर गाळणीतून फिरवून पुन्हा घरातच सोडतो.

माझ्या अनुभवाने धूर पदार्थापेक्षा तेलाचा जास्त होतो. ताजे तेल बेताने लावले आणि प्लेटवर आदल्या वेळचा चिकट थर नसला तर जवळजवळ धूर होत नाही. लोणी मी अजिबात लावत नाही, कारण त्यातले दुधाचे कण लवकर जळतात. तूप मात्र त्या आचेला सहज टिकते. उघड्या जाळीचे ग्रिल असेल तर खालच्या ट्रेमधले पाणी आटू देऊ नये. टपकणारी चरबी पाण्यात पडून निवते, म्हणूनच धूर होत नाही. ट्रे कोरडा पडला की तीच चरबी जळू लागते.

रोहित्र, एक शंका आहे. सासूबाईंना पुण्यासाठी इथून ग्रिल न्यावे का? तिथे आमच्या घरी सगळे आहे, पण इथल्यासारखी प्लेट सुटी होणारे ग्रिल त्यांना हवे आहे.

रोहित्र

पैलतीर, नेऊ नये. तिकडचे ग्रिल १२० व्होल्टसाठी बनवलेले असते. ते २३० व्होल्टला थेट लावले तर साडेतीन पटींहून जास्त शक्ती ओढू पाहते आणि काही क्षणांत त्याची कॉइल जळते. आगही लागू शकते. नुसता पिनेचा आकार बदलणाऱ्या अडॅप्टरने व्होल्टेज बदलत नाही. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण दीड-दोन हजार वॅटसाठी तो जड, मोठा आणि महाग असतो. ओट्यावर त्याला जागा कुठून आणणार? सुट्या प्लेटचे ग्रिल भारतातही मिळते. उलट दिशेने, म्हणजे इथले ग्रिल तिकडे नेल्यास ते जळणार नाही, पण जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढे तापेल आणि त्यावर पापडही भाजून होणार नाही. आणि तिकडच्या जुन्या सदनिकांत एकाच सर्किटवर मायक्रोवेव्ह आणि ग्रिल एकदम चालवू नका. १५ अँपिअरचा ब्रेकर पडेल.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. इथे अजून कोणी मासळीचा विषय काढला नाही, म्हणून मी काढतो.

ग्रिलवर मासा चिकटतो आणि त्याचे तुकडे होतात, म्हणून बरेच जण एकदा करून सोडून देतात. मासा चिकटण्याचे कारण पुन्हा ओलावाच. सुरमईची, म्हणजे आमच्याकडच्या इसवणाची तुकडी बोटभर जाड कापून घ्यावी. मीठ, हळद आणि आगळ (कोकमाचा खारा रस) लावून पंधरा मिनिटे ठेवावी. सुटलेले पाणी ओतून टाकावे आणि तुकडी फडक्याने टिपावी. त्यानंतर मसाला, मग तांदळाच्या पिठाचा आणि बारीक रव्याचा हात. तेल प्लेटला न लावता तुकडीला लावावे. काँटॅक्ट ग्रिलमध्ये पाच-सहा मिनिटांत तुकडी तयार होते. काट्याजवळचे मांस पारदर्शक न राहता दुधासारखे पांढरे झाले आणि बोटाने दाबल्यावर पाकळ्या सुटू लागल्या की लगेच उतरवावी. त्यानंतरचे प्रत्येक मिनिट माशाला कोरडे करते.

रेशादचा, म्हणजे लाल मिरचीच्या आंबट गोवन मसाल्याने भरलेला बांगडा मात्र झाकण बंद करून करू नये. दोन प्लेटच्या दाबाने पोटातला मसाला बाहेर येतो आणि जळतो. तिथे झाकण पूर्ण मागे पाडून, प्लेटला सपाट बाजू असेल तर तिच्यावर, एकेका बाजूने भाजावा. बांगड्यात स्वतःचे तेल भरपूर असते, त्यामुळे वरून थेंबभर तेलही पुरते. मसाल्यात व्हिनेगर असते, म्हणून तो अंमळ घट्ट वाटून घ्यावा आणि भरताना पातळ थरच द्यावा. मसाला जास्त भरला की आतला मसाला कच्चा राहतो आणि मासा मात्र करपतो.

काफ्रियालसाठी, म्हणजे हिरव्या वाटणात मुरवून भाजलेल्या कोंबडीसाठी, हे उपकरण फार चांगले आहे. हा पदार्थ पोर्तुगीज काळात मोझांबिककडून आमच्याकडे आला असे मानतात, आणि तिथेही तो आगीवर भाजण्याचाच. हिरवी मिरची, कोथिंबीर, आले, लसूण, मिरी, लवंग, दालचिनी, जिरे आणि लिंबू किंवा व्हिनेगर यांचे घट्ट वाटण करावे. कोंबडीचे हाड काढलेले मांडीचे तुकडे घ्यावेत. हाडासकट तंगडी ठेवली की झाकण एका बाजूने उचललेले राहते. जाड बाजूला भाजण्याच्या खुणा येतात आणि हाडाजवळ रक्त राहते. छातीचे मांस घेतले तर ते पसरून सारख्या जाडीचे करावे. रात्रभर मुरवले तर उत्तम. भाजायला सहा ते आठ मिनिटे लागतात. पण मिनिटांवर विसंबू नये. मांसात खुपसायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्यावा आणि सर्वांत जाड जागी ७४ अंश आल्याखेरीज उतरवू नये. मटणाचा खिमा किंवा त्याचे कबाब असतील तर ७१ अंश चालतात; कोंबडीच्या खिम्याला मात्र ७४ अंशच हवेत.

भांड्यात उरलेले हिरवे वाटण कच्च्या कोंबडीला लागलेले असते. ते वरून ओतू नये. छोट्या कढईत पाण्याचा हबका देऊन चांगले उकळून, दाट करून मग बटाट्याच्या तळलेल्या चकत्यांबरोबर वाढावे.

सोनचाफा

आमच्या घरी मी आणि सासूबाई शाकाहारी आणि बाकीची मंडळी मासे खाणारी. ग्रिल एकच. श्रावणात आणि उपासाच्या दिवशी त्याच प्लेटवर आपले काही करावे हे त्यांना पटत नाही, आणि मलाही ते रास्त वाटते. म्हणून आम्ही सुट्या होणाऱ्या प्लेटचे ग्रिल घेतले आणि प्लेटची दुसरी जोडी वेगळी मागवून घेतली. दोन्ही जोड्या वेगवेगळ्या फडक्यांत, वेगवेगळ्या खणांत असतात; चिमटे आणि ब्रशही दोन. घेण्याआधी सुट्या प्लेट वेगळ्या विकत मिळतात की नाही हे विचारून घ्यावे, कारण सर्व बनावटींत ती सोय नसते.

आमच्या वाट्याला आलेले पदार्थ सांगते. सर्वांत यशस्वी झाले ते काप: वांग्याचे, सुरणाचे, कच्च्या केळ्याचे आणि हंगामात नीरफणसाचे. तिखट, मीठ, हळद, हिंग लावून तांदळाच्या पिठात घोळवायचे आणि दोन्ही बाजूंना तेलाचा ब्रश फिरवायचा. सुरण आणि नीरफणस आधी अर्धवट वाफवून घ्यावे, नाहीतर बाहेरून भाजते आणि आत करकरीत राहते. अळूवडीचा वाफवलेला उंडा थंड करून कापलेल्या चकत्या, आणि कोथिंबीरवडी, या दोन्ही ग्रिलवर सुंदर होतात. तळणीचा कुरकुरीतपणा तंतोतंत येत नाही, पण तेल चमचाभर लागते आणि वडीतल्या कोथिंबिरीचा वास अधिक राहतो.

उपासाला रताळ्याचे जाड काप तूप, जिरेपूड आणि सैंधव लावून करते. रताळ्यात साखर असल्यामुळे आच मध्यम ठेवावी लागते.

थालीपीठ खाचांच्या प्लेटवर करू नये. पीठ खाचांत बसते आणि निघत नाही. सपाट प्लेट असेल तर होते, पण त्यासाठी तवाच मला अधिक आवडतो. मक्याचे कणीसही थेट ठेवून उपयोग नाही, कारण गोल असल्याने ते दोन-चार रेघांतच टेकते. आधी पाच मिनिटे उकडून, पुसून, मग फिरवत भाजावे.

आमसूल

सोनचाफा, दुसऱ्या जोडीची कल्पना फार चांगली आहे. ज्यांच्याकडे एकच जोडी आहे आणि घरात तसा आग्रह नाही, त्यांनी निदान क्रम सांभाळावा. चौघांच्या जेवणाला माझा क्रम असा असतो. कुकर लावला की ग्रिल तापत ठेवायचे. पहिल्या खेपेला भाज्या: ढोबळी मिरची, कांद्याच्या जाड चकत्या, दुधी किंवा भेंडी उभी चिरून. त्यांना माशासारखा वास नसतो आणि प्लेट स्वच्छ राहते. याच खेपेला अर्धे कापलेले टोमॅटो शेवटी ठेवायचे. भाजलेल्या टोमॅटोचे सार कच्च्या टोमॅटोच्या सारापेक्षा किती तरी दाट लागते. दुसऱ्या खेपेला पनीर. मासा किंवा कोंबडी सर्वांत शेवटी. तयार झालेले पदार्थ एकावर एक रचू नयेत आणि झाकून ठेवू नयेत, वाफेने मऊ पडतात. पोळीच्या डब्यातली जाळी खाली ठेवून त्यावर मांडावेत. अशा रीतीने कुकरची वाफ जिरेपर्यंत बहुतेक सगळे झालेले असते, आणि मध्येच उठून तळण पाहावे लागत नाही. नोकरी करून संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाला याचे मोल फार वाटते.

कवडसा

नॉनस्टिक थराविषयी कोणी खात्रीचे सांगेल का? घरी लहान मूल आहे आणि पिंजऱ्यात लव्हबर्डची जोडी आहे. शिवाय माझ्या ग्रिलवर तपकिरी, चिकट थर बसला आहे, तो घासून निघत नाही.

रानजाई

कवडसा, मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून उत्तर देते. बहुतेक नॉनस्टिक थर पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) या पदार्थाचा असतो. तो सुमारे २६० अंशांपर्यंत स्थिर राहतो आणि त्याहून जास्त तापला तर हळूहळू विघटन पावू लागतो. घरगुती ग्रिलची प्लेट थर्मोस्टॅटमुळे साधारण त्याच्या खालीच राहते. गॅसवर रिकामा विसरलेला नॉनस्टिक तवा यापेक्षा कितीतरी जास्त तापतो. तरीही पक्ष्यांच्या बाबतीत काहीही धोका पत्करू नका. पक्ष्यांची फुप्फुसे या वाफांना अतिशय संवेदनशील असतात आणि माणसाला जाणवणारही नाही एवढ्या प्रमाणानेही ते दगावू शकतात. पिंजरा स्वयंपाकघरात आणि त्याला लागून असलेल्या खोलीत ठेवू नये, ओट्यावरची धूर ओढणारी चिमणी सुरू ठेवावी, आणि ग्रिल रिकामे तापत सोडू नये. सिरॅमिक थराचे किंवा ओतीव लोखंडी प्लेटचे ग्रिल हा अधिक निर्धास्त पर्याय आहे. लोखंडी प्लेटची तव्यासारखी तेल लावून निगा राखावी लागते, एवढेच.

तुमचा तपकिरी थर हा तापून घट्ट झालेल्या तेलाचा आहे. फवारायच्या डब्यातले तेल वापरत असाल तर ते बंद करा. त्यातल्या लेसिथिनाचा असाच चिवट थर बसतो. काढण्यासाठी खायचा सोडा पाण्यात कालवून त्याचा दाट लेप अर्धा तास लावून ठेवा आणि मऊ स्पंजाने गोल फिरवत पुसा. तारेची घासणी लावलीत तर तेलाच्या आधी नॉनस्टिकच निघून जाईल. रोजच्या सफाईसाठी प्लग काढून, प्लेट कोमट असताना ओले घट्ट पिळलेले सुती फडके दोन प्लेटमध्ये ठेवून झाकण पाडावे. आतल्या उबेने चिकटलेले कण पाच मिनिटांत मऊ होतात आणि लाकडी उलथन्याने सहज निघतात. तापलेल्या प्लेटवर गार पाणी ओतू नये, ती वाकते. थराला खोल ओरखडे पडून पापुद्रे निघू लागले असतील तर प्लेट बदलावी.

पाटपाणी

मी पुण्यात खोली घेऊन राहतो. घरमालकांनी गॅस ठेवायला मनाई केली आहे, पण विजेच्या उपकरणाला त्यांची हरकत नाही. सॉकेट सगळे ६ अँपिअरचे. लहान ग्रिलवर रोजचे भागेल का?

आमसूल

पाटपाणी, रोहित्र यांनी वर लिहिल्याप्रमाणे १००० वॅटच्या आतले ग्रिल घ्या, ते थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि त्याच बोर्डावर त्या वेळी इस्त्री किंवा किटली चालवू नका. लहान ग्रिल सावरायला जास्त वेळ घेते, म्हणून एका वेळी एका माणसापुरतेच ठेवा आणि मुरवण आणखी कोरडे करा.

निव्वळ ग्रिलवर रोजचे जेवण ओढूनताणून होईल. सोबत एक छोटा विजेचा भाताचा कुकर घेतलात तर वरण-भात त्यात आणि बाकीचे ग्रिलवर असे नीट जमते. रविवारी चक्क्याचे मुरवण करून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा, ते तीन दिवस चांगले राहते. रोज त्यातले लागेल तेवढे काढून पनीर, मश्रूम किंवा फ्लॉवरच्या वाफवलेल्या तुऱ्यांना लावा. कच्चे मांस त्याच डब्यात घालू नका, त्याचे मुरवण निराळ्या वाटीत करा. उकडलेल्या बटाट्याची आणि मटाराची टिक्की तांदळाच्या पिठात घोळवून ठेवलीत तर आठ मिनिटांत होते. सुरुवात तिच्यापासून करा, कारण ती चिकटत नाही आणि आच समजायला सोपी जाते. खोलीत धूर कोंडत असेल तर ग्रिल खिडकीच्या कट्ट्याजवळ ठेवा, पण पडद्यापासून हातभर लांब.